टीव्ही ४के आहे, मग लग्नाचा व्हिडिओ का चालत नाही? गोष्ट टीव्हीच्या आतल्या ‘डीकोडर’ची

वसई-विरारमध्ये लग्नाचा हंगाम उलटला की फोटोग्राफरच्या दुकानातून अल्बमसोबत एक पेनड्राइव्हही घरी येतो. पूर्वी व्हीएचएस कॅसेट यायची, मग सीडी-डीव्हीडी आली, आता पेनड्राइव्ह. आजी-आजोबा, आत्या, शेजारच्या काकू हॉलमध्ये जमतात. पेनड्राइव्ह टीव्हीला लागतो आणि पडद्यावर एक ओळ येते: ही फाइल चालू शकत नाही. कधी हळदीची गाणी खणखणीत ऐकू येतात, पण पडदा काळाच राहतो. कधी चित्र येतं, पण नवरी दोन पावलं चालते, थांबते, मग एकदम चार पावलं पुढे गेलेली दिसते.

मग चर्चा सुरू होते. कुणी पेनड्राइव्हला दोष देतं, कुणी टीव्हीला, कुणी फोटोग्राफरला. टीव्हीच्या खोक्यावर तर ‘४के अल्ट्रा एचडी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि गंमत म्हणजे तीच फाइल घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या फोनवर अगदी सुरळीत चालते.

बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. प्रश्न असतो टीव्हीच्या चिपमधल्या एका छोट्या भागाचा. त्याला हार्डवेअर व्हिडिओ डीकोडर म्हणतात. हा भाग काय करतो हे माहीत नसल्यामुळे लोक धडधाकट टीव्ही बदलतात, गरज नसलेले डबे विकत घेतात किंवा ‘चालत नाही’ म्हणून मूळ फाइलच पुसून टाकतात. पहिल्या दोन गोष्टींत पैसे जातात. तिसऱ्या गोष्टीत जे जातं ते परत मिळत नाही.

तर हा डीकोडर नेमकं करतो काय? समजून घेऊया.

व्हिडिओ दाबावा का लागतो?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक वेगाने दाखवलेले फोटो. या प्रत्येक फोटोला फ्रेम म्हणतात. साध्या फुल एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवायला ३ बाइट्स धरले, तर एक फ्रेम साधारण ६२ लाख बाइट्सची होते. सेकंदाला अशा २५ फ्रेम्स.

हा हिशोब तासाभराचा केला तर आकडा ५६० जीबीच्या आसपास जातो. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर लग्नाचा जेमतेम साडेतीन मिनिटांचा भाग मावेल. अंतरपाट धरेपर्यंतच पेनड्राइव्ह भरून जाईल.

म्हणून व्हिडिओ दाबून साठवला जातो. या दाबण्याला एन्कोडिंग म्हणतात आणि पडद्यावर दाखवताना तो पुन्हा उलगडण्याला डीकोडिंग. दाबण्या-उलगडण्याच्या नियमांचा जो संच असतो, तो म्हणजे कोडेक.

दाबण्याची मूळ युक्ती सोपी आहे. समजा, तुम्ही विरार स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर मोबाइल स्थिर धरून लोकल येताना शूट केली. या फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये जाताना काय बदललं? प्लॅटफॉर्म तोच, छप्पर तेच, इंडिकेटर तोच. लोकल तेवढी थोडी पुढे सरकली. मग प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवायची गरज काय? कोडेक मधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण साठवतो आणि बाकीच्या फ्रेम्ससाठी सूचना लिहून ठेवतो: ‘मागच्या फ्रेममधला हा चौकोन १२ ठिपके उजवीकडे सरकव, बाकीचं तसंच ठेव.’ अंदाज थोडा चुकला तर किती चुकला, तेही लिहितो.

हा ‘किती चुकला’चा भाग कमी जागेत बसवण्यासाठी जे गणित वापरतात, त्याचा भारताशी संबंध आहे. त्याचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. १९७४ साली ते प्रसिद्ध करणाऱ्या तिघांची नावं आहेत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव. नासिर अहमद मूळचे बंगळुरूचे, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. या कल्पनेवर संशोधनासाठी त्यांनी तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितलं होतं, ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी आहे असं परीक्षकांना वाटलं होतं. आज जेपीईजी फोटोपासून टीव्हीवरच्या मालिकांपर्यंत त्याच गणिताची रूपं वापरात आहेत.

आता एक गोष्ट लक्षात येईल. देवघरासमोर बसून केलेल्या साखरपुड्याचा व्हिडिओ छान दाबला जातो, कारण फ्रेममध्ये फारसं काही हलत नाही. आगरी-कोळी घरातल्या हळदीचं तसं नसतं. डीजे, फिरते दिवे, धूर, उडणारी हळद आणि नाचणारी पन्नास माणसं. प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमपेक्षा वेगळी. तिथे ‘मागच्यासारखंच’ असं लिहिण्याजोगं फार थोडं उरतं, त्यामुळे फाइल फुगते आणि उलगडण्याचं कामही वाढतं. म्हणूनच एकाच पेनड्राइव्हवर सप्तपदी सुरळीत दिसते आणि हळद अडखळते.

उलगडायचं काम कोण करतं?

४के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेम्सचा असेल तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. एका फ्रेमसाठी हातात वेळ किती? सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात फ्रेम तयार झाली नाही तर ती सुटली, आणि चित्र अडखळलं.

हे काम दोन प्रकारे करता येतं.

पहिला प्रकार म्हणजे मुख्य प्रोसेसर, सीपीयू. तो काहीही करू शकतो: ॲप उघडतो, वायफाय सांभाळतो, मेनू दाखवतो. पण प्रत्येक काम एकेक सूचना वाचून करतो. व्हिडिओही तो तसाच उलगडतो. याला सॉफ्टवेअर डीकोडिंग म्हणतात.

दुसरा प्रकार म्हणजे चिपमध्येच व्हिडिओ उलगडण्यासाठी बनवलेला वेगळा भाग. त्याला दुसरं काहीही येत नाही. पण नेमून दिलेलं काम तो फार वेगाने आणि फार थोड्या विजेत करतो. हेच हार्डवेअर डीकोडिंग.

दिवाळीतला सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. हाताने चकली वळता येते, हव्या त्या आकाराचीही करता येते, पण पन्नास चकल्या करायच्या म्हटलं तर हात दुखून येतात. सोऱ्यात पीठ भरलं की काम झरझर होतं. मात्र जी चकती लावली असेल तोच आकार पडतो. चकलीच्या चकतीतून शेव पडणार नाही. फरक इतकाच की घरच्या सोऱ्याची चकती बदलता येते. टीव्हीच्या चिपमधल्या चकत्या कारखान्यातच कायमच्या बसवलेल्या असतात.

टीव्हीत हा भाग फार महत्त्वाचा ठरतो, कारण टीव्हीचा सीपीयू बहुतेक वेळा साधा असतो. मेनू आणि ॲप्स चालवण्यापुरता. त्याच्या ओळखीचा कोडेक असेल तर स्वस्तातला टीव्हीही ४के आरामात दाखवतो. ओळखीचा नसेल तर तो एकतर नकार देतो किंवा सीपीयूच्या अंगावर काम ढकलतो, आणि मग नवरी थांबत थांबत चालते.

फोनवर मात्र हा फरक अनेकांनी बोटाने अनुभवलेला आहे. एमएक्स प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना वर कोपऱ्यात ‘एचडब्ल्यू’, ‘एचडब्ल्यू प्लस’ किंवा ‘एसडब्ल्यू’ अशी अक्षरं दिसायची. चित्र आलं नाही की मित्र सांगायचे, ‘एसडब्ल्यू करून बघ.’ एचडब्ल्यू म्हणजे हार्डवेअर, एसडब्ल्यू म्हणजे सॉफ्टवेअर. एसडब्ल्यू केलं की फाइल चालायची, पण फोन गरम व्हायचा आणि बॅटरी भराभर उतरायची. विरारहून चर्चगेटला निघालेल्या माणसाला अंधेरीपर्यंतच चार्जर आठवायचा. तेच लॅपटॉपचं. वीज गेल्यावर लॅपटॉपवर सिनेमा किती वेळ चालेल, हे डीकोडिंग कोण करतंय यावरही ठरतं.

कोडेक कोणकोणते आहेत?

घरातल्या उपकरणांशी संबंध येतो तो प्रामुख्याने या पाचांचा:

- एमपेग-२: १९९० च्या दशकातला. डीव्हीडी आणि जुने सेट टॉप बॉक्स यावरच चालतात.
- एच.२६४: २००३ साली आला. याला एव्हीसी असंही म्हणतात. आज तुमच्या घरात पडदा असलेली जवळपास प्रत्येक वस्तू हा उलगडू शकते.
- एच.२६५ किंवा एचईव्हीसी: २०१३ सालचा. तेवढ्याच दर्जाचं चित्र एच.२६४ च्या साधारण निम्म्या जागेत बसवतो.
- व्हीपी९: हाही २०१३ चा, गूगलचा. यूट्यूब मोठ्या प्रमाणावर वापरतं.
- एव्हीवन: २०१८ सालचा. गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, मोझिला अशा कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन केलेल्या आघाडीने बनवला.

नवा कोडेक जागा कमी घेतो, पण त्यासाठी गणित जास्त करावं लागतं. एच.२६४ मध्ये फ्रेमचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. एचईव्हीसीमध्ये हा चौकोन ६४ पर्यंत आणि एव्हीवनमध्ये १२८ पर्यंत मोठा असू शकतो, आणि त्याचे लहान तुकडे कसे पाडायचे याचे पर्यायही वाढत जातात. म्हणजे इंटरनेटचा डेटा वाचतो आणि त्याचा भार चिपवर येतो.

‘फाइल एमपी४ आहे, तरी चालत नाही!’

ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही ही डब्यांची नावं आहेत. डब्याच्या आत भाजी कुठली आहे, हे डब्यावरून कळत नाही. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतो, एचईव्हीसी असू शकतो किंवा एव्हीवनही. टीव्ही डबा उघडतो, आत अनोळखी कोडेक दिसला की हात वर करतो.

आवाजाचा कोडेकही वेगळा असतो. म्हणूनच चित्र दिसतं पण आवाज नाही, असंही होतं. डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी साठवलेला आवाज उलगडायला चिपला फार कष्ट पडत नाहीत. तिथे अडचण बहुतेकदा परवान्याची असते. कंपनीने त्या पद्धतीचे पैसे भरले नसतील तर टीव्ही गप्प बसतो.

आणि कोडेकचं नाव जुळलं म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. लग्नाच्या व्हिडिओची खरी मेख इथेच आहे.

लग्न शूट करणाऱ्या आताच्या कॅमेऱ्यांत ‘१० बिट ४:२:२’ असा पर्याय असतो. त्याचा अर्थ असा. साध्या व्हिडिओत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ छटा असतात. एकत्र मिळून साधारण १ कोटी ६७ लाख रंग. याला ८ बिट म्हणतात. १० बिटमध्ये प्रत्येकी १०२४ छटा, म्हणजे १०७ कोटींहून अधिक रंग. शालूचा रंग नंतर संगणकावर सुधारायचा असेल, रात्रीच्या वरातीतला अंधार उजळायचा असेल, तर फोटोग्राफरला एवढ्या छटा हव्या असतात.

४:२:२ हा आकडा रंगाची माहिती किती ठेवली ते सांगतो. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक पटकन टिपतो, रंगातला बारीक फरक तितका टिपत नाही. म्हणून घरी बघायच्या व्हिडिओत रंगाची माहिती एक चतुर्थांशच ठेवतात. त्या पद्धतीला ४:२:० म्हणतात. ४:२:२ मध्ये ती निम्मी ठेवली जाते.

टीव्हीच्या चिपा ४:२:० गृहीत धरून बनवलेल्या असतात, कारण टीव्हीवर येणारं जवळपास सगळं त्याच पद्धतीचं असतं. त्यामुळे फाइल साध्या एच.२६४ ची असली, पण १० बिट ४:२:२ असली, तर बहुतेक टीव्ही तिला उलगडू शकत नाहीत. फोटोग्राफरने एडिट करून दिलेली फिल्म सहसा चालते, कारण ती बाहेर काढताना साध्या पद्धतीत काढलेली असते. अडतो तो ‘रॉ डेटा’, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा दिलेल्या फाइल्स. आणि हल्ली अनेक कुटुंबं तो आवर्जून मागून घेतात.

फोनच्या व्हिडिओचंही असंच. आयफोनमध्ये २०१७ पासून व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करण्याची सोय आहे. परदेशातल्या मामाने आयफोनवर शूट केलेलं बारसं जुन्या टीव्हीवर दिसत नाही, त्यामागे बहुधा हेच असतं. तोच व्हिडिओ वॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आला तर मात्र चालतो. कारण पाठवताना वॉट्सॲप त्याला पुन्हा दाबून एच.२६४ मध्ये आणतं. चित्राचा दर्जा त्यात बराच घसरतो, ती किंमत आपण नकळत मोजतो.

मग सॉफ्टवेअर अपडेट करून भागणार नाही का?

बहुतेक वेळा नाही. अपडेटने मेनू बदलतो, नवं ॲप येतं. चिपमधली रचना बदलत नाही. डीकोडर सिलिकॉनमध्ये कोरलेला असतो.

सॉफ्टवेअर डीकोडिंगचा मार्ग अपडेटने देता येतो, पण त्यासाठी सीपीयूत ताकद हवी. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेच्या लोकांनी एव्हीवनसाठी डेव्हिड नावाचा अतिशय चपळ सॉफ्टवेअर डीकोडर लिहिला. तो अनेक फोन आणि लॅपटॉपवर उत्तम चालतो. टीव्हीच्या साध्या सीपीयूवर ४के एव्हीवन चालवणं मात्र त्यालाही जड जातं.

याची एक उलटी बाजूही आहे. कधीकधी चकती चिपमध्ये असते, पण तिला कुलूप असतं. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक हौशी मंडळी टीव्हीला जोडून वापरतात. त्याच्या पहिल्या मॉडेलमध्ये एमपेग-२ चा डीकोडर होता, पण बंद ठेवलेला. २०१२ पासून कंपनीने त्याची किल्ली वेगळी विकायला सुरुवात केली. किंमत होती २ पौंड ४० पेन्स. कारण एमपेग-२ च्या पेटंटचे पैसे सगळ्या ग्राहकांवर लादायचे नव्हते. पुढे २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डीकोडरच काढून टाकला गेला, कारण नवा सीपीयू ते काम स्वतः करण्याइतका ताकदवान होता. म्हणजे नव्या वस्तूत जुन्यातलं सगळं असेलच, हेही धरून चालता येत नाही.

पेटंटचा हा मुद्दा एचईव्हीसीत सगळ्यात जास्त चिघळला. त्याच्या परवान्यासाठी एकापेक्षा जास्त गटांकडे पैसे भरावे लागतात. एव्हीवन जन्माला येण्यामागे हे एक मोठं कारण होतं. त्याचा वापर विनाशुल्क असावा, हे त्या आघाडीचं उद्दिष्ट होतं.

जुन्या डब्यावर ठरतो वाहिन्यांचा भाव

डीकोडरचा मुद्दा फक्त हौशी लोकांचा वाटत असेल, तर दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’कडे बघा. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली. डिश आणि डबा एकदा घेतला की दरमहा काही भरावं लागत नाही. वसई-विरारच्या इमारतींत केबल आणि फायबर असतं. याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या पाड्यांवर जिथे केबल पोचत नाही, तिथे अशी मोफत छत्री कामाला येते.

सुरुवातीचे डबे एमपेग-२ उलगडणारे होते. पुढे एमपेग-४ च्या वाहिन्या आल्या. टीव्हीच्या जगात एमपेग-४ म्हटलं की बहुधा आपला एच.२६४ च असतो. उपग्रहावरून दोन्ही प्रकारच्या वाहिन्या त्याच छत्रीवर उतरतात. पण जुना डबा एमपेग-४ ची वाहिनी दाखवू शकत नाही. सिग्नल घरात पोचलेला असतो आणि तरीही पडद्यावर वाहिनी नसते, कारण डब्यात ती चकती नाही.

याचा परिणाम बाजारावर झाला. फ्री डिशवरची जागा खासगी वाहिन्यांना प्रसार भारती लिलावाने देते, आणि एमपेग-२ च्या व एमपेग-४ च्या जागांचा लिलाव वेगवेगळा होतो. तंत्रज्ञान जुनं असूनही एमपेग-२ ची जागा महाग असते. कारण ती जुन्या आणि नव्या, सगळ्याच डब्यांत दिसते. वाहिनीला किती घरांत शिरता येईल आणि त्यासाठी किती कोटी मोजावे लागतील, याचा हिशोब शेवटी लोकांच्या घरातल्या जुन्या चिपपाशी येऊन थांबतो.

यूट्यूब आणि ओटीटीवर ही अडचण का येत नाही?

कारण तिथे एकाच कार्यक्रमाच्या अनेक फाइल्स तयार करून ठेवलेल्या असतात. नायगावच्या सेटवर चित्रित झालेली एखादी हिंदी मालिका ओटीटीवर चढते, तेव्हा ती वेगवेगळ्या आकारांत आणि बऱ्याचदा वेगवेगळ्या कोडेकमध्ये दाबली जाते. तुमचं उपकरण आधी सांगतं की मला काय काय उलगडता येतं. त्याप्रमाणे त्याला फाइल मिळते. पेनड्राइव्हवर मात्र एकच फाइल असते. चालली तर चालली.

पण म्हणून जुन्या उपकरणाला काहीच तोटा होत नाही असं नाही. तो तोटा फक्त दिसत नाही. यूट्यूब ४के दर्जाचे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्हीवनमध्ये देतं, एच.२६४ मध्ये फुल एचडीपर्यंतच. त्यामुळे ज्या डब्याला यातलं काहीच येत नाही, त्याला पडदा ४के असूनही फुल एचडीवर थांबावं लागतं. शिवाय तेवढ्याच दर्जासाठी त्याचा डेटा जास्त जातो. नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अँड्रॉइड फोनवर आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये टीव्हीवर एव्हीवन द्यायला सुरुवात केली. ॲपलने हार्डवेअर एव्हीवन डीकोडर फोनमध्ये आणला तो २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये. सगळी गाडी त्या दिशेने चालली आहे.

तुमचं उपकरण सध्या काय वापरतंय हे बघायचं असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय सुरू करा. त्यात कोडेकच्या ओळीत ‘एव्हीसी१’, ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्ही०१’ यांपैकी एक सांकेतिक नाव दिसेल. ते अनुक्रमे एच.२६४, व्हीपी९ आणि एव्हीवनचं.

व्हिडिओ चालत नाही, आता काय करायचं?

आधी लक्षण ओळखा:

- आवाज येतो, चित्र नाही: व्हिडिओचा कोडेक टीव्हीला येत नाही, किंवा फाइल १० बिट ४:२:२ आहे.
- चित्र येतं, आवाज नाही: आवाजाच्या कोडेकचा प्रश्न आहे.
- चित्र अडखळतं: डीकोडरच्या क्षमतेपेक्षा फाइल जड आहे, किंवा काम सीपीयूवर पडलं आहे.
- फाइल किंवा पेनड्राइव्हच दिसत नाही: पेनड्राइव्ह कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे ते बघा. एफएटी३२ पद्धत जवळपास सगळे टीव्ही वाचतात, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मोठ्या फाइलसाठी एक्सफॅट लागतं आणि ते काही जुने टीव्ही वाचत नाहीत.

पहिल्या तीन लक्षणांवर एकच घरगुती उपाय आहे: फाइलची टीव्हीला चालेल अशी प्रत करून घेणं. संगणकावर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात फाइल टाका, तयार पर्यायांपैकी ‘फास्ट १०८०पी३०’ निवडा आणि सुरू करा. तयार होणारी फाइल एच.२६४ ची आणि साध्या आवाजाची असते, त्यामुळे जवळपास कुठल्याही टीव्हीवर चालते. काम वेळखाऊ आहे, रात्री लावून झोपलात तरी चालेल.

लॅपटॉपच एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडायचा असेल तर व्हीएलसीमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन सुरू आहे का ते बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’ असा आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना तो हलत असेल तर काम हार्डवेअर करतंय. तो सपाट असेल आणि सीपीयूचा आकडा चढलेला असेल, तर काम सीपीयूच्या अंगावर आलं आहे. जुना लॅपटॉप सेकंड हँड घेताना इंटेलची पिढी विचारा. सहाव्या पिढीपासून एचईव्हीसी, सातव्यापासून १० बिट एचईव्हीसी आणि अकराव्यापासून एव्हीवन हार्डवेअरमध्ये उलगडता येतं.

नवा टीव्ही किंवा स्टिक घेणार असाल, तर दुकानदार रॅम किती आणि पडदा किती इंची हे न विचारता सांगेल. तुम्ही विचारायचे प्रश्न तीन: एचईव्हीसी १० बिट चालतं का? व्हीपी९ आणि एव्हीवन हार्डवेअरमध्ये आहे का? ४के सेकंदाला ६० फ्रेम्सने चालतं, की ३० नेच? उत्तर मिळालं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत व्हिडिओ फॉरमॅटची यादी असते, ती वाचा. आणखी चांगला मार्ग म्हणजे तुमच्याकडची न चालणारी एखादी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि तिथेच लावून बघा.

घरात लग्न ठरलं असेल तर फोटोग्राफरशी बोलणी करतानाच दोन प्रती मागा. एक टीव्हीवर बघायची: एच.२६४, ८ बिट, ४:२:०, फुल एचडी. दुसरी कॅमेऱ्यातली मूळ, वेगळ्या हार्ड डिस्कवर. ही बोलणी आधी झाली तर जास्तीचे पैसे सहसा लागत नाहीत, नंतर मात्र फाइल्स फोटोग्राफरकडेही उरलेल्या नसतात.

आणि मूळ फाइल पुसू नका, ती आज कुठेच चालत नसली तरी. दाबलेल्या प्रतीतून गेलेले रंग परत आणता येत नाहीत. टीव्ही मात्र कधी ना कधी बदलणारच आहे, आणि पुढच्या टीव्हीच्या चिपमध्ये आज नसलेली चकती असण्याची शक्यता बरीच आहे.